साधी गाठ, पण कोणती? : यकृतातल्या दुर्मीळ सौम्य गाठींचे निदान आणि उपचार

यकृतात दहा सेंटीमीटरची गाठ असलेल्या बाईला ‘काही करायची गरज नाही’ असे सांगणे बरोबर ठरू शकते. तीन सेंटीमीटरची गाठ असलेल्या पुरुषाला ‘ती काढून घ्या’ असे सांगणेही तितकेच बरोबर ठरू शकते. दोघांचीही गाठ कर्करोगाची नाही. बाईची गाठ रक्तवाहिन्यांच्या जाळ्याची आहे, पुरुषाची यकृताच्या स्वतःच्या पेशींची. केवळ आकार पाहून किंवा रुग्णाच्या धास्तीपोटी घेतलेला निर्णय इथे चुकतो. गाठ नेमकी कोणत्या प्रकारची आहे आणि ती कोणाच्या यकृतात आहे, या दोन गोष्टी कळल्या की उपचाराचा बहुतेक प्रश्न सुटतो.

हा प्रश्न आता पूर्वीपेक्षा जास्त लोकांसमोर येतो, कारण सोनोग्राफी गावोगावी पोहोचली आहे. पित्ताशयातले खडे, अपचन, विम्याची तपासणी, वार्षिक चाचणी अशा कुठल्याही निमित्ताने पोटाची सोनोग्राफी होते आणि न शोधलेली गाठ सापडते. अशा गाठींपैकी बहुतेक नेहमीच्या आणि निरुपद्रवी असतात. उरलेल्या थोड्या दुर्मीळ गाठी मात्र डॉक्टरांनाही बुचकळ्यात टाकतात. त्यांतल्या काहींमधून रक्तस्राव होतो, काही पुढे कर्करोगात बदलू शकतात आणि काही दिसायला थेट कर्करोगासारख्या असतात. या लेखात भर अशा दुर्मीळ गाठींवर आहे. पण नेहमीच्या दोन गाठी आधी बाजूला काढल्याशिवाय दुर्मीळ गाठीपर्यंत पोहोचता येत नाही.

नेहमीच्या दोन गाठी

पहिली हिमॅन्जिओमा, म्हणजे यकृतातल्या फुगलेल्या रक्तवाहिन्यांचा पुंजका. शवविच्छेदनाच्या काही अभ्यासांत ती २० टक्क्यांपर्यंत लोकांमध्ये आढळली आहे. यकृत निरोगी असेल, रुग्णाला दुसरा कर्करोग नसेल आणि सोनोग्राफीत तीन सेंटीमीटरहून लहान, रेखीव, एकसारखी पांढरी गाठ दिसत असेल, तर तेवढ्यावर निदान होते. शंका असेल तर कॉन्ट्रास्ट देऊन केलेल्या सीटी किंवा एमआरआयमध्ये औषध आधी कडेच्या ठिपक्यांत शिरते आणि मग सावकाश मध्याकडे सरकते. ही चाल पक्की ओळख पटवते. हिमॅन्जिओमा मोठा असला तरी आपोआप फुटणे फार विरळा. गरोदरपण किंवा गर्भनिरोधक गोळ्या यांनाही त्यामुळे सहसा आडकाठी नसते. गाठ शेजारच्या अवयवांवर दाबत असेल, दुखण्याचे कारण खरोखर तीच असेल किंवा तिच्यात रक्त गोठवणारे घटक संपू लागले असतील, तरच शस्त्रक्रियेचा विचार होतो.

दुसरी फोकल नोड्युलर हायपरप्लेसिया. नाव लांबलचक असल्यामुळे तिला एफएनएच म्हणतात. ही खऱ्या अर्थाने नवी वाढ नाही. यकृतात एका जागी रक्तपुरवठा बिघडतो आणि तिथल्या पेशी त्याला प्रतिसाद म्हणून वाढतात. सुमारे ९० टक्के रुग्ण स्त्रिया असतात. मधोमध एक व्रण आणि त्यातून चाकाच्या आऱ्यांसारख्या निघणाऱ्या रक्तवाहिन्या ही तिची खूण. ती कर्करोगात बदलत नाही आणि तिच्यातून रक्तस्राव जवळजवळ होत नाही. निदान पक्के असेल तर तिच्यामागे वर्षानुवर्षे तपासण्या करत राहण्याचेही कारण नाही.

या दोन गाठी ओळखता आल्या की उरलेल्यांकडे सावकाश, नीट पाहता येते. त्या ओळखता आल्या नाहीत, तर निरुपद्रवी गाठीसाठी यकृत कापले जाते आणि धोक्याची गाठ ‘साधीच आहे’ म्हणून सोडून दिली जाते. दोन्ही प्रकार घडतात.

निदानाचा क्रम

पहिली तपासणी यंत्राची नसते. रुग्णाचे वय, लिंग, वजन, मधुमेह, दारूची सवय, हिपॅटायटिस बी आणि सी, पूर्वीचा कर्करोग, चालू आणि बंद केलेली औषधे, घरातल्या कोणाला कमी वयात झालेला मधुमेह, या उत्तरांतून शक्यतांची यादी निम्म्याने कमी होते. सिरोसिस असलेल्या किंवा हिपॅटायटिस बीचा विषाणू वर्षानुवर्षे अंगात असलेल्या माणसाच्या यकृतात नवी गाठ दिसली, तर उलट सिद्ध होईपर्यंत ती कर्करोगाचीच समजायची. अशा माणसात अ‍ॅडेनोमा (यकृताच्या स्वतःच्या पेशींची दुर्मीळ सौम्य गाठ; तिच्याबद्दल पुढे येईल) किंवा एफएनएच हे निदान अगदी जपून करावे लागते. तीच गाठ तिशीतल्या निरोगी स्त्रीच्या निरोगी यकृतात दिसली, तर ती सौम्य असण्याची शक्यता मोठी असते.

सोनोग्राफी गाठ दाखवते आणि ती घन आहे की पाण्याची, एवढे विश्वासाने सांगते. पुढचा भार एमआरआयवर. त्यातही यकृताच्या पेशी शोषून घेतात असे कॉन्ट्रास्ट, म्हणजे गॅडॉक्सेटिक आम्ल, वापरले तर एक महत्त्वाचा भेद दिसतो. औषध दिल्यानंतर सुमारे २० मिनिटांनी घेतलेल्या चित्रांत एफएनएच आसपासच्या यकृताइतकीच किंवा जास्त उजळ दिसते, कारण तिच्या पेशी औषध शोषतात. बहुतेक अ‍ॅडेनोमा तिथे काळपट दिसतात. मात्र अ‍ॅडेनोमाचे काही प्रकार, विशेषतः बीटा-कॅटेनिन या जनुकातल्या बदलाचे, औषध शोषतात आणि एफएनएचचा आभास निर्माण करतात. म्हणून एकाच चित्रावर निकाल देता येत नाही.

तरुण वयात मधोमध व्रण असलेली गाठ दिसली की आणखी एक सावधगिरी लागते. फायब्रोलॅमेलर कार्सिनोमा हा कर्करोगही तरुणांच्या निरोगी यकृतात होतो आणि त्यालाही मधला व्रण असतो. फरक असा की एफएनएचमधला व्रण एमआरआयच्या टी-२ चित्रांत उजळ दिसतो, तर या कर्करोगातला बहुधा काळा असतो आणि त्यात चुन्याचे कण असू शकतात.

रक्ताच्या तपासण्यांची मदत मर्यादित असते. अल्फा-फिटोप्रोटीन वाढलेले असेल तर सावध व्हायचे, पण ते नॉर्मल आहे म्हणून कर्करोग नाही असे ठरत नाही. सुरुवातीच्या कित्येक कर्करोगांत ते वाढलेले नसते.

बायोप्सीबद्दल दोन टोकांची मते ऐकू येतात. सुई लावली की गाठ भडकते, ही भीती निराधार आहे. पण प्रत्येक गाठीला सुई लावावी, हेही चूक. जिथे एमआरआयने ओळख पटते तिथे बायोप्सीची गरज नाही. हायडॅटिडची, म्हणजे मेंढ्या-कुत्र्यांच्या संपर्कातून होणाऱ्या पाण्याच्या गाठीची, शंका असेल तर आधी रक्ताची तपासणी करावी, कारण त्या गाठीतले पाणी पोटात सांडले तर जीवघेणी अ‍ॅलर्जी होऊ शकते. रक्तवाहिन्यांनी भरलेल्या गाठीतून रक्तस्रावाचा धोका असतो आणि गाठ कर्करोगाची निघाली तर सुईच्या वाटेने पेशी पसरण्याचा थोडा धोकाही असतो. हे सगळे लक्षात घेऊनही, चित्रे बोलत नसतील आणि उत्तरामुळे उपचार बदलणार असेल, तर बायोप्सी करावी. सुई गाठीत आणि शेजारच्या निरोगी यकृतात, दोन्हीकडे घातली तर पॅथॉलॉजिस्टला तुलना करता येते.

अ‍ॅडेनोमा : औषधांशी जोडलेली गाठ

दुर्मीळ सौम्य गाठींमध्ये सर्वांत जास्त अभ्यास झाला तो हिपॅटोसेल्युलर अ‍ॅडेनोमाचा. १९७३ मध्ये जॅनेट बाउम आणि सहकाऱ्यांनी ‘द लॅन्सेट’मध्ये गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या सात स्त्रियांची नोंद केली. तोवर ही गाठ जवळजवळ अनोळखी होती. पुढच्या काही वर्षांत हा संबंध पक्का झाला. गोळ्या कधीच न घेतलेल्या स्त्रियांत हे प्रमाण वर्षाला दहा लाखांत सुमारे एक, तर दीर्घकाळ घेणाऱ्यांत एक लाखात तीन ते चार, असा अंदाज त्या काळातल्या अभ्यासांतून निघाला. मात्र त्या गोळ्यांमध्ये इस्ट्रोजेन फार होते. १९६० साली अमेरिकेत मान्यता मिळालेल्या एनोव्हिडच्या एका गोळीत १५० मायक्रोग्रॅम मेस्ट्रॅनॉल असे. आपल्या सरकारी कार्यक्रमातल्या माला-एन गोळीत ३० मायक्रोग्रॅम एथिनिल इस्ट्रॅडिऑल असते. म्हणजे जुन्या आकड्यांवरून आजच्या गोळ्यांना घाबरण्याचे कारण नाही. पण अ‍ॅडेनोमा सापडल्यावर डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळ्या बंद करून दुसरे साधन निवडणे, ही उपचाराची पहिली पायरी आजही कायम आहे.

गोळ्यांखेरीज आणखी कारणे आहेत. शरीर कमावण्यासाठी घेतलेली अ‍ॅनाबॉलिक स्टेरॉइड्स हे त्यांतले सर्वांत टाळता येण्याजोगे. अप्लास्टिक अ‍ॅनिमियासारख्या आजारात दिलेली डॅनाझॉलसारखी पुरुषी संप्रेरकांच्या जातीची औषधेही यात येतात. ती गरजेची असतात, म्हणून ती घेणाऱ्याने अधूनमधून यकृताची सोनोग्राफी करून घ्यावी. ग्लायकोजन साठवणुकीच्या पहिल्या प्रकारच्या जन्मजात आजारात किशोरवयानंतर अनेक अ‍ॅडेनोमा होतात. अलीकडे स्थूलपणा हे वाढते कारण म्हणून पुढे आले आहे.

या गाठीबद्दलची समज खऱ्या अर्थाने बदलली ती फ्रान्समध्ये. बोर्दो इथल्या पोलेत बिऊलाक-साज आणि पॅरिसमधल्या जेसिका झुकमन-रोसी यांच्या गटांनी २००६ च्या सुमारास गाठींमधली जनुके तपासून दाखवले की अ‍ॅडेनोमा हा एक आजार नाही. एका गटात एचएनएफ-१ए हे जनुक बंद पडलेले असते. या गाठी चरबीने भरलेल्या असतात, कर्करोगाकडे फारशा झुकत नाहीत आणि काही घराण्यांत कमी वयातल्या मधुमेहाच्या एका प्रकाराशी जोडलेल्या असतात. दुसरा आणि सर्वांत मोठा गट दाहाचा. तो स्थूलपणा व दारूशी निगडित असतो; त्यात कधी ताप येतो, कधी रक्तातले सीआरपी वाढते. तिसरा बीटा-कॅटेनिनचा. पुरुषांमध्ये तो जास्त आढळतो आणि कर्करोगात बदलण्याचा मुख्य धोका यालाच असतो, विशेषतः बदल जनुकाच्या तिसऱ्या एक्झॉनमध्ये असेल तर. दाह आणि बीटा-कॅटेनिन हे दोन्ही बदल एकाच गाठीत असू शकतात. २०१७ मध्ये सॉनिक हेजहॉग या संदेशमार्गाशी संबंधित आणखी एक छोटा गट वेगळा काढला गेला; त्यात रक्तस्रावाचा धोका जास्त दिसतो.

ही विभागणी प्रयोगशाळेपुरती राहिलेली नाही. बायोप्सीच्या तुकड्यावर एलएफएबीपी, सीरम अमायलॉइड ए, ग्लुटामाइन सिंथेटेज आणि बीटा-कॅटेनिन ही प्रथिने दाखवणारी रंगद्रव्ये वापरून बहुतेक प्रकार ओळखता येतात. एमआरआयवरही अंदाज येतो: एचएनएफ-१एच्या गाठीत चरबी सर्वत्र सारखी पसरलेली दिसते, तर दाहाची गाठ टी-२ चित्रांत, बहुधा कडेने, उजळ दिसते. बीटा-कॅटेनिनची मात्र चित्रात ठरलेली खूण नाही. तिथे पेशी पाहिल्याशिवाय भागत नाही.

उपचाराची चौकट युरोपच्या यकृत-अभ्यास संघटनेने २०१६ मध्ये मांडली आणि ती आजही बरीचशी पाळली जाते. पुरुषात अ‍ॅडेनोमा असेल तर आकार कितीही असो, काढावा. बीटा-कॅटेनिनचा बदल सिद्ध झाला असेल तर तो कोणाचाही असो, काढावा. स्त्रियांमध्ये आधी गोळ्या थांबवायच्या, वजन कमी करायचे आणि सहा महिन्यांनी पुन्हा एमआरआय करायचा. त्यानंतरही गाठ पाच सेंटीमीटर किंवा त्याहून मोठी असेल, किंवा वाढत असेल, तर शस्त्रक्रिया. त्याहून लहान असेल तर वर्षाकाठी तपासणी. सहा महिन्यांची ही मुदत काही केंद्रे लांबवतात. एचएनएफ-१एची सिद्ध झालेली गाठ मोठी असली तरी नुसती नजरेखाली ठेवण्याकडेही कल वाढतो आहे.

अ‍ॅडेनोमा फुटून पोटात रक्तस्राव झाला तर घाईघाईने पोट उघडण्यापेक्षा आधी रुग्णाला स्थिर करून, जांघेतून किंवा मनगटातून नळी घालून गाठीची रक्तवाहिनी बंद करणे सुरक्षित ठरते. उरलेल्या गाठीचे काय करायचे ते नंतर शांतपणे ठरवता येते. गरोदरपणाबद्दलचा सल्लाही बदलला आहे. पाच सेंटीमीटरहून लहान अ‍ॅडेनोमा असलेल्या स्त्रीला मूल होऊ देऊ नये, असे आता कोणी म्हणत नाही. मात्र सोनोग्राफी ठरावीक काळाने करत राहावी लागते. गाठ मोठी असेल तर तिचा निकाल गर्भधारणेआधी लावावा.

पाण्याच्या गाठींमधली फसवी गाठ

यकृतातल्या पाण्याच्या गाठी बहुतेक साध्या असतात आणि त्यांना हात लावायची गरज नसते. त्यांच्यात मिसळून जाणारी एक दुर्मीळ गाठ म्हणजे म्युसिनस सिस्टिक निओप्लाझम. जुन्या पुस्तकांत तिला बिलिअरी सिस्टाडेनोमा म्हणत. २०१० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात तिची नवी व्याख्या आली. तिच्या भिंतीत अंडाशयासारखी ऊती असते, आणि ती जवळजवळ फक्त स्त्रियांमध्ये, बहुधा मध्यम वयात, यकृताच्या डाव्या भागात सापडते. आत पडदे असणे, भिंत जाड असणे, तिच्यावर घन उंचवटे असणे या खुणा दिसल्या की साधी गाठ हे निदान सोडून द्यायचे.

इथे आपल्याकडचा घोळ वेगळा आहे. पडदे असलेली पाण्याची गाठ म्हटली की मेंढ्या-कुत्र्यांच्या संपर्कातून होणारा हायडॅटिड आधी आठवतो, आणि ताप असेल तर अमिबाचा गळू. दोन्ही आजार महाराष्ट्राला अनोळखी नाहीत, त्यामुळे हा संशय वाजवी आहे. मात्र हायडॅटिडसाठीची रक्ततपासणी निगेटिव्ह आली, अल्बेंडाझोल देऊनही गाठ तशीच राहिली आणि रुग्ण मध्यमवयीन स्त्री असेल, तर तिसरी शक्यता तपासायलाच हवी. गाठीतले पाणी काढून सीए १९-९ मोजल्याने खात्रीचा भेद होत नाही.

उपचारात सर्वांत मोठी चूक इथेच होते. साधी गाठ समजून दुर्बिणीतून तिचे छप्पर कापले जाते किंवा सुईने पाणी काढले जाते. गाठ पुन्हा भरते, कारण तिचे अस्तर आतच राहिलेले असते. थोड्या रुग्णांमध्ये त्या अस्तरात कर्करोगही असतो. म्हणून ही गाठ पूर्ण काढणे हाच उपचार आहे आणि तो पहिल्याच शस्त्रक्रियेत व्हायला हवा.

चरबी, स्नायू आणि रक्तवाहिन्यांची गाठ

अँजिओमायोलिपोमा मूत्रपिंडात नेहमी आढळतो, यकृतात क्वचित. त्यात चरबी, मऊ स्नायू आणि रक्तवाहिन्या या तिन्हींचे मिश्रण असते. चरबी भरपूर असेल तर सीटी किंवा एमआरआयवर ओळखणे सोपे जाते. चरबी अगदी कमी असलेली गाठ मात्र कॉन्ट्रास्ट पटकन घेते आणि पटकन सोडते, म्हणजे नेमकी यकृताच्या कर्करोगासारखी वागते. शस्त्रक्रियेनंतरच ती सौम्य होती हे कळल्याची उदाहरणे वैद्यकीय नियतकालिकांत पुष्कळ आहेत. हिपॅटायटिस नसलेल्या, यकृत निरोगी असलेल्या स्त्रीत अशी गाठ दिसली तर बायोप्सीचा विचार व्हावा. एचएमबी-४५ आणि मेलॅन-ए ही रंगद्रव्ये पेशींना लागली की निदान होते.

बायोप्सीने सिद्ध झालेली, लहान आणि त्रास न देणारी गाठ नजरेखाली ठेवता येते. ती वाढत असेल, किंवा तिचा एपिथेलिऑइड प्रकार असून पेशी संशयास्पद दिसत असतील, तर काढावी. त्वचेवरचे पुटकुळीसारखे डाग, फिट्स आणि मूत्रपिंडातल्या अशाच गाठी सोबत असतील तर ट्युबरस स्क्लेरोसिस या आनुवंशिक आजाराची तपासणी करावी. त्या आजारात सिरोलिमस, एव्हरोलिमस या औषधांनी मूत्रपिंडातल्या गाठी आक्रसतात, आणि यकृतातल्या निवडक रुग्णांतही ती वापरली गेली आहेत.

तान्ह्या मुलांचे यकृत

मुलांमध्ये प्रश्नाचे रूपच बदलते. जन्मानंतरच्या काही महिन्यांत यकृतात गाठ दिसली तर हिपॅटोब्लास्टोमा हा कर्करोग आधी नाकारावा लागतो. इथे अल्फा-फिटोप्रोटीन फसवते, कारण नवजात बाळात ते मुळातच फार असते आणि हळूहळू उतरते. आकडा वयानुसार वाचला नाही तर निष्कारण घबराट होते.

बाळांच्या यकृतातला हिमॅन्जिओमा मोठ्यांच्या हिमॅन्जिओमापेक्षा पूर्ण वेगळा आजार आहे. एकच गाठ असेल तर ती बहुधा जन्मतःच पूर्ण वाढलेली असते आणि वर्षभरात आपोआप विरते. अनेक गाठी असतील किंवा सगळे यकृत व्यापलेले असेल तर हृदयावर ताण येऊ शकतो. शिवाय या गाठी थायरॉइडचे संप्रेरक नष्ट करणारे एन्झाइम तयार करतात आणि बाळाला गंभीर हायपोथायरॉइडिझम होऊ शकतो. त्वचेवर पाच किंवा अधिक लाल गाठी असलेल्या बाळाच्या यकृताची सोनोग्राफी करावी, हा नियम त्यासाठीच आहे.

उपचारातली क्रांती पुन्हा बोर्दोमधून आली. २००८ मध्ये क्रिस्तीन लेओते-लाब्रेझ आणि सहकाऱ्यांनी नोंदवले की हृदयाच्या तक्रारीसाठी प्रोप्रॅनोलॉल दिलेल्या बाळांच्या त्वचेवरचे हिमॅन्जिओमा झपाट्याने फिके पडले. पूर्वी स्टेरॉइड्स, रक्तवाहिनी बंद करणे, क्वचित यकृतारोपण असे जड उपाय करावे लागत. आता बहुतेक वेळा या जुन्या, स्वस्त औषधाने सुरुवात होते. मात्र ते तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच द्यायचे असते: साखर उतरणे, नाडी मंदावणे, दम लागणे हे त्याचे ओळखीचे धोके आहेत आणि उपाशी बाळाला ते देऊ नये.

मेसेन्कायमल हॅमार्टोमा ही मुलांमधली दुसरी गाठ. बहुतेक रुग्ण दोन वर्षांखालचे असतात आणि पोट फुगत चालल्यामुळे आईबापांच्या लक्षात येते. गाठ बहुधा पाण्याच्या अनेक कप्प्यांची असते. ती सौम्य असली तरी नुसती सोडून देत नाहीत, कारण १९व्या गुणसूत्रावरचा तोच बदल अनडिफरन्शिएटेड एम्ब्रिओनल सार्कोमा या कर्करोगातही सापडतो आणि एकातून दुसरा उद्भवल्याची उदाहरणे आहेत. पूर्ण काढलेल्या गाठीनंतरचे भवितव्य उत्तम असते.

आणखी काही क्वचित प्रकार

इन्फ्लमेटरी स्यूडोट्यूमर ही गाठ म्हणजे दाहाचा गोळा. ताप, वजन उतरणे, वाढलेला सीआरपी आणि कर्करोगासारखे चित्र असा तिचा गोंधळात टाकणारा संच असतो. काही गाठी आयजीजी-४ शी संबंधित आजाराच्या असतात आणि त्या स्टेरॉइडच्या गोळ्यांनी विरघळतात. काही अँटिबायोटिकने किंवा आपोआपही जातात. भारतात स्टेरॉइड सुरू करण्याआधी क्षयरोग नाकारायलाच हवा, कारण यकृतातली क्षयाची गाठही अशीच दिसते. म्हणून इथे बायोप्सी जवळजवळ अनिवार्य आहे.

पित्तनलिकेचा अ‍ॅडेनोमा सहसा एक सेंटीमीटरहूनही लहान असतो आणि यकृताच्या पृष्ठभागाजवळ असतो. त्याचे महत्त्व वेगळ्याच ठिकाणी आहे. जठर किंवा आतड्याच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया चालू असताना सर्जनला यकृतावर पांढरा ठिपका दिसतो आणि तो कर्करोग पसरल्याची खूण वाटू शकतो. तिथल्या तिथे तुकडा तपासला नाही, तर बरा होऊ शकणाऱ्या रुग्णावर चौथ्या टप्प्याचा शिक्का बसेल. लिपोमा, लायोमायोमा, श्वानोमा, लिम्फँजिओमा या गाठीही यकृतात होतात, पण त्या इतक्या विरळ आहेत की त्यांच्याबद्दलचे ज्ञान एकेका रुग्णाच्या नोंदींवरच उभे आहे. पेशी तपासून निदान करायचे आणि शंका उरली तर गाठ काढायची, एवढेच त्यांच्याबाबत सांगता येते.

उपचारांची साधने

निरोगी यकृताचा साधारण २५ ते ३० टक्के भाग शिल्लक राहिला तरी ते काम चालवते आणि पुन्हा वाढते. क्लोद कुईनो यांनी १९५७ मध्ये मांडलेल्या आठ खंडांच्या रचनेमुळे नेमका हवा तेवढाच भाग काढणे शक्य झाले. सौम्य गाठीसाठी भोवतालचे निरोगी यकृत मोठ्या प्रमाणात कापण्याची गरज नसते, आणि हिमॅन्जिओमा तर नुसता सोलून काढता येतो. योग्य जागच्या गाठी अनुभवी हातांनी दुर्बिणीतून काढल्या तर रुग्ण लवकर घरी जातो. मात्र दुर्बिणीची सोय आहे म्हणून शस्त्रक्रियेची गरज निर्माण होत नाही, हे विसरता कामा नये.

लहान अ‍ॅडेनोमा सुईतून दिलेल्या उष्णतेने जाळता येतात. शस्त्रक्रिया झेपत नसेल किंवा गाठ खोलवर असेल तेव्हा याचा उपयोग होतो. अनेक अ‍ॅडेनोमा असतील तर धोका गाठींच्या संख्येवर ठरत नाही, सर्वांत मोठ्या गाठीवर ठरतो. म्हणून मोठी किंवा संशयास्पद तेवढी काढून बाकीच्यांवर लक्ष ठेवतात. यकृतारोपण अगदी निवडक रुग्णांसाठी, उदाहरणार्थ ग्लायकोजनच्या आजारात असंख्य गाठी झालेल्या आणि त्यांत बदल दिसू लागलेल्यांसाठी, राखून ठेवले आहे.

आपल्याकडची परिस्थिती

या विषयातले बहुतेक ज्ञान युरोप-अमेरिकेतल्या रुग्णांवर उभे आहे आणि ते इथे लावताना काही फरक ध्यानात घ्यावे लागतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) भारतात गर्भनिरोधक गोळ्या वापरणाऱ्या विवाहित स्त्रिया सुमारे ५ टक्केच आहेत. नसबंदीचे प्रमाण त्याच्या कित्येक पट आहे. त्यामुळे अ‍ॅडेनोमाचे ते जुने कारण इथे दुबळे आहे. पण स्थूलपणा, मधुमेह आणि व्यायामशाळांमधून सल्ल्याविना मिळणारी स्टेरॉइड्स ही कारणे इथे वाढत आहेत. दुसरीकडे हिपॅटायटिस बी, क्षय, अमिबा आणि हायडॅटिड यांमुळे ‘ही गाठ दुसरे काही असेल का’ या प्रश्नाची यादी आपल्याकडे लांब आहे.

उणीव असते ती साखळीत. सोनोग्राफी एका गावात होते, सीटी दुसऱ्या शहरात, एमआरआय साध्या कॉन्ट्रास्टवर होतो आणि बायोप्सीचा तुकडा जिथे जातो तिथे अ‍ॅडेनोमाचे प्रकार सांगणारी रंगद्रव्ये नसतात. प्रत्येकाकडे प्रश्नाचा एकच तुकडा असतो. रेडिऑलॉजिस्ट, पॅथॉलॉजिस्ट, यकृततज्ज्ञ आणि सर्जन एका टेबलाशी बसून सगळी चित्रे एकत्र पाहतात तेव्हा निदान बदलते, आणि कित्येकदा ठरलेली शस्त्रक्रिया रद्द होते. दुर्मीळ गाठीच्या रुग्णाला अशा केंद्राकडे वेळेत पाठवणे, हे तालुक्याच्या डॉक्टरचे मोठे योगदान ठरेल.

निष्कर्ष असा की यकृतातली सौम्य गाठ ही बहुधा तातडीची बाब नसते. निदानासाठी चार आठवडे घालवले तर सहसा काही बिघडत नाही. अचानक तीव्र पोटदुखी, चक्कर किंवा फिकटपणा आला मात्र लगेच रुग्णालय गाठावे. ज्यांच्या रिपोर्टात अशी गाठ आली आहे त्यांनी डॉक्टरांना चार गोष्टी विचाराव्यात: गाठीचे नेमके नाव काय, ते नाव कशावरून ठरले, माझे यकृत एरवी निरोगी आहे का, आणि नुसते लक्ष ठेवले तर काय होईल. घेतलेली सगळी औषधे, पावडरी आणि इंजेक्शने न लपवता सांगावीत, आणि जुन्या तपासण्यांचे रिपोर्टच नव्हेत तर मूळ चित्रेही जपून ठेवावीत. गाठीला नाव मिळाल्याशिवाय शस्त्रक्रियेची तारीख ठरत असेल, तर दुसऱ्या केंद्राचे मत घेण्याचा हक्क प्रत्येक रुग्णाला आहे. तो वापरावा.